सावंतवाडीचें लाखकाम व त्याचा जीर्णोद्धार

सावंतवाडीचें नांव निघालें कीं पुष्कळांस प्रथम आठवतात तीं तेथील लांकडी फळें. आंबा, केळें, वांगें, मिरची, सारें लांकडाचें. पण रंग व तुकतुकी अशी कीं मूल तें तोंडांत घालावयास धांवतें. तेथील चितारआळीचें नांवच ज्या चितारी लोकांवरून पडलें, त्यांच्या हातचे पाट, चौरंग, देव्हारे, डबे व गंजिफा यांना एके काळीं दक्षिण कोंकणांत व गोमंतकांत मान होता. यांपैकीं कित्येक वस्तू अजून जुन्या घरांच्या माळ्यांवर पडून आहेत. अलीकडे घराची डागडुजी करितांना त्या खालीं येतात, आणि त्यांवरील मळका रंग खरडून काढून त्या पुन्हां नव्या कराव्या अशी हौस सुशिक्षित कुटुंबांत वाढूं लागली आहे. हौस स्तुत्य आहे. परंतु खरडण्यापूर्वीं खालीं काय आहे, तें कोणीं व कसें केलें, हें जाणून घेणें अवश्य असल्यामुळें या कलेचा थोडा पूर्वेतिहास आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

या कलेचें सर्वांत नाजूक अंग म्हणजे गंजिफा. हिंदुस्थानांत या खेळाचा जुना लेखी उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रांत सांपडतो. १५२७ सालीं त्यानें सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफांचा संच पाठविल्याची नोंद आहे. पुढें अकबराच्या अमदानींत अबुल फजल यानें ‘आईने अकबरी’त बारा रंगांच्या, म्हणजे १४४ पानांच्या, खेळाचें वर्णन केलें असून त्यांत अश्वपति, गजपति, नरपति अशीं रंगांचीं नांवें आहेत. मोगली म्हणून प्रसिद्ध असलेला खेळ आठ रंगांचा व ९६ पानांचा. हा दरबारी खेळ देशांत पसरतां पसरतां हिंदु घरांत शिरला तेव्हां त्यानें दशावताराचा वेष घेतला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा पानें, मिळून १२० पानें. सावंतवाडीस तिसरे खेमसावंत यांच्या कारकीर्दींत (१७५५ ते १८०३) या कलेस राजाश्रय मिळाला असें परंपरेनें सांगतात.

खेळाचे नियमहि मौजेचे आहेत. पांच रंगांत राजा-प्रधानांच्या खालोखाल दश्शा श्रेष्ठ, तर उरलेल्या पांचांत एक्का श्रेष्ठ. दिवसा खेळावयास बसल्यास रामाच्या राजानें आरंभ करावयाचा, रात्रीं बसल्यास कृष्णाच्या. तिघांनीं खेळावयाचें व प्रत्येकास चाळीस पानें. कोणत्या रंगाचीं कोणतीं पानें पडून गेलीं हें ध्यानांत ठेवणें हेंच यांतील सारें कसब. पुराणकथा ज्या घरांत रोज कानांवर पडत, तेथें खेळहि त्याच कथेंत गुंफला गेला यांत नवल तें काय?

पान तयार करण्याची रीत मात्र खेळापेक्षांहि कष्टाची आहे. कापडाचे वा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनें एकावर एक चिकटवावयाचे, त्यांवर खडूचा लेप द्यावयाचा, दगडानें घोटून पृष्ठ गुळगुळीत करावयाचें, वाटोळें कापावयाचें, मग त्यावर कुंचल्यानें चित्र रेखाटावयाचें आणि शेवटीं लाखेचा हात द्यावयाचा. लाख ही पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या एका लहानशा किड्याची उपज. ती पाण्यांत विरघळत नाहीं. आणि वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस ज्या मुलखांत पडतो तेथें हाच गुण मोलाचा. चित्राचे रंग खळींत वा डिंकांत कालविलेले, म्हणजे ओल्या बोटानेंहि पुसले जाणारे. त्यांचें रक्षण करणारी काय ती वरची लाखच. चित्र व लाख यांचा हा संबंध वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावरच अवलंबून आहे.

या कलेस उतरती कळा लागण्याचीं कारणें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. यंत्रावर छापलेलीं ५२ पानें स्वस्त मिळूं लागलीं. हातानें १२० पानें रंगविणाऱ्या कारागिराला त्या किंमतींत टिकाव धरणें शक्यच नव्हतें. पुढें १९४८ सालीं सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें व दरबारचा आश्रयहि आटला. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती, ती फारशी कोणाच्या लक्षांत आली नाहीं. बाजारांत डब्यांतला तयार तैलरंग मिळूं लागला. चौरंगाचे पोपडे निघाले, पाटाचा रंग उडाला, तर चिताऱ्यास बोलाविण्याऐवजीं घरच्याच कोणीं तरी सणासुदीस त्यावर एक हात मारावा, हा परिपाठ पडला. लग्नाला एक हात, मुंजीला एक हात. असे तीन-चार थर चढले कीं मूळ वेलबुट्टी कायमची झांकली जाई. यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. जुनी वस्तु टाकून न देतां वापरांत ठेवण्याचाच तो प्रयत्न होता, आणि कित्येक वस्तू त्यामुळेंच आजवर वांचल्या आहेत, हेंहि कबूल केलें पाहिजे.

आतां हे थर काढावे कसे? येथें परदेशांतील एक उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेंत १९३६ सालापासून ‘एअरस्ट्रीम’ नांवाचीं, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनीं जोडून केलेलीं फिरतीं घरें मोटारीच्या मागें जोडून प्रवासास नेऊं लागले. जुन्या झालेल्या अशा गाड्यांवर मालकांनीं मागाहून रंग चढविले, व आज तेथील हौशी गृहस्थ स्वतःच्या अंगणांत ते रंग उतरवून खालचा पत्रा आरशासारखा घांसतात. या कामांत एक पथ्य आहे. लांकडावरचा रंग काढावयास कॉस्टिक सोडा चालतो म्हणून तो येथें लाविला, तर रंगाबरोबर अ‍ॅल्युमिनियमहि खाल्लें जातें. तात्पर्य, रंग काढण्याचें औषध वरच्या रंगावरून ठरवावयाचें नसून खालच्या पदार्थावरून ठरवावयाचें असतें.

हाच न्याय सावंतवाडीच्या चौरंगास लावून पाहूं. तैलरंग काढण्याचे प्रचलित उपाय दोन: क्षार किंवा उष्णता. लाख पाण्यास दाद देत नसली तरी सोड्याच्या पाण्यांत विरघळते. तेव्हां क्षारानें वरचा रंग सुटण्याबरोबर खालची लाख सुटेल, आणि लाख गेली कीं ओल्या फडक्याच्या पहिल्याच पुसण्यांत चित्र जाईल. उष्णतेचीहि तीच गोष्ट. पाणी उकळण्याच्या बऱ्याच आधीं लाख मऊ पडते, आणि तैलरंग फुगावयास त्याहून कितीतरी अधिक आंच लागते. स्पिरिटाचें नांवच नको, कारण लाख विरघळविण्याचें तें प्रसिद्ध साधन आहे. तें वरचा तैलरंग तसाच ठेवून फटींतून शिरेल व आंतली लाख काढील. पत्र्याच्या गाडीचा रंग उतरला कीं खालीं एकजिनसी धातु लागतो, व काम संपतें. आमच्या चौरंगाखालीं मात्र रंगाखालीं लाख, लाखेखालीं चित्र, चित्राखालीं लेप व लेपाखालीं लांकूड अशी उतरंड आहे. आणि आपणांस हवें असलेलें मडकें नेमकें मधलें आहे.

म्हणून सुरक्षित असा मार्ग एकच उरतो, आणि तो अतिशय संथ आहे. न दिसणाऱ्या कोपऱ्यांत बोटाएवढ्या जागेवर बारीक धारेच्या पातीनें वरचा थर सुटतो का तें आधीं पाहावें. सुटत असल्यास कपचीमागून कपची काढावी, सुटत नसल्यास तेथेंच थांबावें. कांचकागद तर मुळींच घासूं नये. जुन्या तैलरंगांत शिसें असे, आणि चिताऱ्यांच्या पेटींतील हिंगूळ व हरताळ हे अनुक्रमें पाऱ्याचे व सोमलाचे संयुग; त्यांची धूळ घरांतील मुलांच्या पोटांत जाणें अत्यंत घातक आहे. ज्या वस्तूखालीं चित्र असल्याची खूण लागली, तिचें काम जाणत्या संवर्धकावर सोंपवावें हें उत्तम.

परंतु वस्तूचें रक्षण झालें म्हणजे कलेचें रक्षण झालें काय? या प्रश्नाचें उत्तर सावंतवाडीनेंच दिलें आहे. संस्थानचे अखेरचे अधिपति शिवरामराजे भोंसले व बडोद्याच्या गायकवाड घराण्यांतून आलेल्या त्यांच्या राणी सत्वशीलादेवी यांना असें दिसून आलें कीं राजवाड्यांत जुन्या गंजिफा आहेत, पण त्या करण्याची पूर्ण रीत जाणणारे हात संपत आले आहेत. तेव्हां १९७१ च्या सुमारास त्यांनीं वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांजकडून ही विद्या स्वतः शिकून घेतली व राजवाड्यांतच लाखकामाचा कारखाना सुरू करून तरुणांना शिकविण्याची व्यवस्था केली. एका राणीनें चिताऱ्यापाशीं बसून कुंचला धरावा, ही गोष्ट त्या दोघांनाहि भूषणावह आहे. याच काळांत १९३३ सालीं जर्मनीहून मुंबईस येऊन स्थायिक झालेले कलासमीक्षक रूडॉल्फ फॉन लायडन यांनीं देशभरच्या गंजिफांचा अभ्यास व संग्रह चालविला होता. १९८२ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानें त्यांचें गंजिफांवरील पुस्तक प्रसिद्ध केलें. शिवरामराजे १९९५ सालीं व सत्वशीलादेवी २०१८ सालीं निवर्तल्या. तरी राजवाड्याच्या दालनांत बसून रंगकाम करणारे कारागीर आजहि पाहावयास मिळतात.

नव्या गंजिफा जुन्यांसारख्या नाहींत, रंग तयार डब्यांतले, गिऱ्हाईक प्रवासी, आणि घेणारा त्या खेळत नसून भिंतीवर टांगतो, असा आक्षेप ऐकूं येतो. तो सर्वस्वी खोटा नाहीं. तथापि आम्हांस असें वाटतें कीं जुनें पान कपाटांत कितीहि जपलें तरी फार तर तें आणखी शंभर वर्षें टिकेल. तें करण्याची रीत मात्र एका पिढीनें शिकली नाहीं कीं संपली. ज्यांच्या घरीं जुना चौरंग वा देव्हारा असेल त्यांनीं त्यावरचा रंग काढण्याची घाई करूं नये. तो कोरडा ठेवावा, त्याचा इतिहास घरांतल्या वडील माणसांस विचारून लिहून ठेवावा, आणि पातें किंवा कॉस्टिक सोडा यांवर खर्च करावयाचा पैसा सावंतवाडीस जाऊन एखाद्या चिताऱ्याकडून नवा पाट घेण्यांत खर्च करावा. जुन्या चौरंगाखालचें चित्र वाट पाहूं शकतें; कारागिराच्या पोटाला तें शक्य नाहीं.