गावदेवी ते कुंभारी : घरे आणि पाककृती

पाककृतींचे पुस्तक विकून सत्कार्याला पैसा उभा करण्याची चाल अमेरिकेतली. १८६४ साली, यादवी युद्ध चालू असताना, मारिया मॉस या बाईंचे पद्यमय पाकपुस्तक जखमी सैनिकांच्या मदतीसाठी फिलाडेल्फियाच्या जत्रेत विक्रीला ठेवले होते. पुढे चर्चे, शाळा, बेघरांसाठी घरे बांधणाऱ्या संस्था, सगळ्यांनी ती वाट धरली. मराठीत असे काही आहे का, हे शोधताना मी गावदेवीला पोहोचलो. तिथे क्रम उलटा निघाला : आधी घरे, मग पुस्तक.

१८९६च्या प्लेगने मुंबईतल्या दाटीवाटीच्या चाळींचे हाल चव्हाट्यावर आणले. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने गावदेवीत वस्ती आखली आणि तिथे १९१५ साली रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. इमारती संस्थेच्या, सभासद तिचे भाडेकरू. देणगी नव्हे, भागभांडवल. तालमकींनी १९०६ सालीच शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढलेली असल्याने हिशेबाची शिस्त आधीच अंगवळणी पडलेली.

याच गावदेवीतल्या सारस्वत महिला समाजाने १९४३ साली ‘रसचंद्रिका’ प्रसिद्ध केले. लेखन अंबाबाई संशी यांचे, प्रकाशक मात्र बायकांची संस्था. पाककृतींबरोबर घरगुती औषधे आणि सणवारही त्यात आहेत. त्याच्या विक्रीवर घरे बांधली गेली, असा माझा दावा नाही. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. घरात कोकणी बोलणाऱ्या, कानडा जिल्ह्यांतून आलेल्या या बायकांनी पुस्तक लिहिले ते मराठीत. डोक्यावर स्वतःचे छप्पर असलेल्या समाजाला आपले स्वयंपाकघर छापावेसे वाटले.

आता सोलापूर. इथे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांतल्या हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांवर. म्हणजे घर हाच कारखाना; दहा बाय दहाच्या खोलीत तंबाखूचे सूप आणि भाताचे पातेले शेजारी शेजारी. कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार बायकांची सहकारी गृहनिर्माण संस्था झाली, त्यामागे नरसय्या आडम यांनी वर्षानुवर्षे चालवलेला लढा होता. सुमारे दहा हजार घरे. २००६च्या सप्टेंबरात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते लोकार्पण. केंद्र आणि राज्य सरकारच्या वाट्याबरोबर तिसरा वाटा कामगार बाईचा. विड्यांच्या मजुरीतून तो साठवायचा, म्हणजे किती हजार विड्या, हे वाचकांनीच मांडून पाहावे.

छप्पर इथेही आले, पण ‘रसचंद्रिका’ आली नाही. पच्ची पुलुसु, संक्रांतीची सकिनालु या पदार्थांची मापे अजून हातात आणि तोंडी आहेत. सोलापूर म्हटले की शेंगाचटणी आणि कडक भाकरी एवढेच छापले जाते. (शेंगाचटणीवर माझा राग नाही, रोज खातो.) दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला लिहायला वेळ कुठला, हे खरेच, पण गावदेवीतही एकीने लिहिले आणि बाकीच्यांनी ते संस्थेचे मानले. उद्या कुणी कुंभारीच्या नावाने पाकपुस्तक काढून ‘कामगारांच्या मदतीसाठी’ विकायला ठेवले, तर मी ते विकत घेईन. मात्र आधी प्रकाशकाचे नाव बघेन. तिथे बायकांची संस्था हवी, आणि मुखपृष्ठाच्या आत प्रत्येक कृतीखाली ती सांगणारीचे नाव.