ॲना लिओनोवेन्स व राजा मोंगकुट यांच्यावरील चित्रपटांतील पात्रयोजना

सयामचा (आजचे थायलंड) राजा मोंगकुट आणि त्याच्या दरबारातील शिक्षिका ॲना लिओनोवेन्स या दोन ऐतिहासिक व्यक्तींवर ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या अमेरिकन चित्रपटसंस्थेने इ.स. १९४६, १९५६ आणि १९९९ मध्ये तीन कथापट काढले. या तीन चित्रपटांत राजाची भूमिका अनुक्रमे एका इंग्रज, एका रशियात जन्मलेल्या व एका हाँगकाँगच्या नटाने केली. ऐतिहासिक व्यक्तीची भूमिका कोणत्या वंशाच्या नटाने करावी, या वादात हे चित्रपट वारंवार उदाहरणादाखल दिले जातात. मात्र या चर्चेत बहुधा राजाच्याच भूमिकेचा विचार होतो. ॲना लिओनोवेन्सचा जन्म महाराष्ट्रातील अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे झाला होता आणि ती मिश्रवंशीय असावी, असे तिचे चरित्रकार मानतात. तिची भूमिका मात्र तिन्ही वेळा श्वेतवर्णीय अभिनेत्रींकडे गेली आणि त्याबद्दल फारसा वाद झाला नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मोंगकुट ऊर्फ चौथा राम (१८०४–१८६८) हा सयामच्या चक्री घराण्यातील राजा होय. सिंहासनावर येण्यापूर्वी तो २७ वर्षे बौद्ध भिक्षू होता. या काळात त्याने पाली ग्रंथांचा अभ्यास केला, थम्मयुत हा सुधारणावादी भिक्षुसंप्रदाय स्थापिला आणि पाश्चात्त्य धर्मोपदेशकांकडून लॅटिन, इंग्रजी व खगोलशास्त्र आत्मसात केले. १८५१ मध्ये तो गादीवर आला. १८५५ मध्ये त्याने ब्रिटनशी व्यापारी तह केला. त्याचा इंग्रजीतील पत्रव्यवहार मोठा आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना हत्ती पाठविण्याची तयारी दर्शविणारे त्याचे पत्र आणि त्यास अब्राहम लिंकन याने दिलेला नम्र नकार प्रसिद्ध आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे गणित त्याने स्वतः मांडले होते. ते पाहण्यास तो दक्षिणेकडील दलदलीच्या प्रदेशात गेला, तेथे त्यास हिवताप जडला आणि काही आठवड्यांतच त्याचा मृत्यू झाला.

राजाने आपल्या मुलांना व राण्यांना इंग्रजी शिकविण्यासाठी सिंगापुरात शाळा चालविणाऱ्या ॲना लिओनोवेन्सला बोलाविले. ती १८६२ ते १८६७ या काळात बँकॉकमध्ये होती. अमेरिकेत गेल्यावर तिने या अनुभवांवर १८७० व १८७३ मध्ये दोन पुस्तके लिहिली. त्यांतील जनानखान्याच्या क्रौर्यकथांना अन्य समकालीन आधार मिळत नाही. राजवाड्याखालील तळघरे व जिवंत जाळण्याची शिक्षा ही त्यांपैकी ठळक उदाहरणे होत. या पुस्तकांच्या आधारे मार्गारेट लँडन हिने १९४४ मध्ये ‘ॲना अँड द किंग ऑफ सायाम’ ही कादंबरी लिहिली. पुढील सर्व नाटके व चित्रपट तिच्यावरून वा तिच्या मूळ सामग्रीवरून निघालेले आहेत. म्हणजेच पडद्यावरील मोंगकुट हा इतिहासातून थेट आलेला नसून आठवणी, कादंबरी आणि पटकथा अशा तीन गाळण्यांतून आलेला आहे.

राजाची भूमिका

१९४६ च्या ‘ॲना अँड द किंग ऑफ सायाम’ या जॉन क्रॉमवेल दिग्दर्शित कृष्णधवल चित्रपटात रेक्स हॅरिसन हा इंग्रज नट राजा झाला. अमेरिकेतील हा त्याचा पहिलाच चित्रपट. रंगभूषेने वर्ण गडद करून त्याला सयामी दाखविण्यात आले. पंतप्रधानाच्या भूमिकेत ली जे. कॉब, राणी थियांगच्या भूमिकेत गेल सोंडरगार्ड आणि तुप्तिमच्या भूमिकेत लिंडा डार्नेल असे सर्व प्रमुख सयामी पात्रांसाठी अमेरिकन कलावंत निवडले गेले. त्या काळी यात कोणास वावगे वाटले नाही. सोंडरगार्डला या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकनही मिळाले.

या प्रथेमागे केवळ सवय नव्हती. हॉलिवूडने १९३० मध्ये स्वीकारलेल्या आणि १९३४ पासून कडकपणे राबविलेल्या निर्मिती संहितेने, म्हणजेच हेज संहितेने, श्वेत व कृष्णवर्णीयांमधील प्रणयसंबंध पडद्यावर दाखविण्यास मनाई केली होती. व्यवहारात हा संकोच आशियाई पात्रांपर्यंत पोहोचला. नायिका श्वेतवर्णीय असेल तर समोरच्या आशियाई पुरुषाची भूमिका आशियाई नटास देणे निर्मात्यांना जोखमीचे वाटे. रंग लावलेला गोरा नट मात्र चालत असे. आशियाई नटांना मोठ्या भूमिका न मिळाल्याने त्यांच्यातून ‘तारे’ घडत नसत, आणि तारे नसल्याचे कारण पुढे करून पुन्हा गोऱ्या नटांचीच निवड होई. हे दुष्टचक्र कित्येक दशके चालले.

रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांचे ‘द किंग अँड आय’ हे संगीत नाटक १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. त्यात तोवर फारसा परिचित नसलेला युल ब्रिनर राजा झाला, आणि वॉल्टर लँग दिग्दर्शित १९५६ च्या चित्रपटातही ती भूमिका त्याच्याकडेच राहिली. तिच्यासाठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा ऑस्कर मिळाला. आयुष्यभरात त्याने रंगभूमीवर ही भूमिका ४,६२५ वेळा केली. ब्रिनरचा जन्म व्लादिवोस्तोकचा. त्याच्या वंशात स्विस, रशियन आणि बुर्यात मंगोल धागे होते. स्वतःच्या कुळाबद्दल तो निरनिराळ्या मुलाखतींत निरनिराळ्या कहाण्या सांगत असे. त्यामुळे त्याची निवड सरळ ‘गोरा नट’ या सदरात टाकणे अवघड आहे. तथापि त्याची कारकीर्द पाहिली असता हॉलिवूडचा हिशेब स्पष्ट होतो. १९५६ मध्येच तो ‘द टेन कमांडमेंट्स’मध्ये इजिप्तचा फारो रामसेस झाला, १९५९ मध्ये राजा सॉलोमन आणि १९६८ मध्ये मेक्सिकन क्रांतिकारक पांचो व्हिया. युरोपबाहेरचा कोणीही थोर पुरुष असो, एकच ‘परका’ चेहरा त्यास पुरेसा मानला गेला. याच चित्रपटात ब्रह्मदेशातून आणलेल्या तुप्तिमची भूमिका पोर्तो रिकोच्या रीटा मोरेनोने, तर राणी थियांगची भूमिका अमेरिकेच्या टेरी सॉन्डर्सने केली. राजपुत्र चुलालोंगकोर्न झालेला पॅट्रिक ॲडियार्ते हा फिलिपिनो वंशाचा होता.

१९९९ च्या अँडी टेनंट दिग्दर्शित ‘ॲना अँड द किंग’मध्ये प्रथमच सर्व प्रमुख आशियाई पात्रांसाठी आशियाई वंशाचे कलावंत घेण्यात आले. चाउ युन-फॅट हा हाँगकाँगचा लोकप्रिय नट राजा झाला, चीनची बाय लिंग तुप्तिम आणि मलेशियाचे ज्येष्ठ नट सय्यद अल्वी पंतप्रधान झाले. रंगभूषेने वंश बदलण्याची प्रथा येथे संपली. मात्र सयामच्या राजाला थाई नट याही वेळी मिळाला नाही. वयाचा मुद्दाही चर्चेत क्वचितच येतो. ॲना बँकॉकला पोहोचली तेव्हा राजा ५७ वर्षांचा होता. चाउ युन-फॅट चित्रपटाच्या वेळी ४४ वर्षांचा, तर ब्रिनर १९५६ मध्ये अवघा ३६ वर्षांचा होता. कथेत प्रणयाची छटा आणायची असल्यामुळे भिक्षुवस्त्रांत उमेदीची वर्षे काढलेला कृश, वृद्धत्वाकडे झुकलेला विद्वान पडद्यावर येऊ शकला नाही.

थायलंडमधील विरोध

थायलंडमध्ये १९५६ आणि १९९९ या दोन्ही चित्रपटांवर बंदी घालण्यात आली. १९९९ च्या चित्रपटास तेथे चित्रीकरणाचीही परवानगी नाकारली गेली, म्हणून ते मलेशियात झाले. थाई दंडसंहितेच्या ११२ व्या कलमानुसार राजाचा अवमान हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे आणि चक्री घराणे आजही गादीवर आहे. हा संदर्भ सोडून या बंदीकडे पाहता येत नाही. तथापि विरोध केवळ कायद्याच्या धाकाने झाला असे म्हणणे अपुरे ठरेल. पहिल्या चित्रपटानंतर सेनी प्रामोज व कुक्रित प्रामोज या राजघराण्याशी संबंधित बंधूंनी १९४८ मध्ये मोंगकुटच्या पत्रांच्या आधारे त्याची खरी ओळख करून देणारे इंग्रजी लेखन केले. त्याचा उपयोग अमेरिकन मुत्सद्दी ॲबट लो मॉफट याने १९६१ मध्ये लिहिलेल्या चरित्रात झाला. (हेच कुक्रित प्रामोज पुढे १९६३ च्या ‘द अग्ली अमेरिकन’ या चित्रपटात मार्लन ब्रँडोसमोर एका काल्पनिक आशियाई देशाचे पंतप्रधान झाले आणि १९७५ मध्ये थायलंडचे खरेखुरे पंतप्रधान.)

थाई टीकाकारांचा मुख्य आक्षेप नटाच्या वंशावर नव्हता. पाली व लॅटिन जाणणारा राजा विनोदी, हट्टी आणि शिक्षिकेकडून शहाणपण शिकणारा दाखविला गेला, दासप्रथेच्या उच्चाटनाचे श्रेय अप्रत्यक्षपणे ॲनाला दिले गेले आणि तुप्तिमच्या शिक्षेचा पुराव्याविना असलेला प्रसंग वारंवार रंगविला गेला, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. १९४६ मध्ये तुप्तिमला जाळण्यात येते, १९५६ मध्ये राजा चाबूक उगारून थांबतो, तर १९९९ मध्ये तिचा शिरच्छेद होतो. एकाच ऐतिहासिक म्हणविल्या जाणाऱ्या घटनेचे तीन वेगळे शेवट झाले, यातच तिची विश्वसनीयता दिसून येते. दासप्रथा प्रत्यक्षात मोंगकुटचा पुत्र चुलालोंगकोर्न याने टप्प्याटप्प्याने मोडली आणि १९०५ च्या कायद्याने ती संपुष्टात आणली. पात्रयोजनेत सर्वाधिक काळजी घेतलेला १९९९ चा चित्रपटही थायलंडमध्ये नाकारला गेला, तो याच कारणांमुळे. भूमिका आशियाई नटाकडे गेली तरी कथेचा दृष्टिकोन ॲनाचाच राहिला होता.

ॲनाची भूमिका

पडद्यावर आयरीन डन (१९४६), डेबोरा कर (१९५६) व जोडी फॉस्टर (१९९९) यांनी ॲना साकारली. त्यापूर्वी मूळ नाटकात ती गर्ट्रूड लॉरेन्स या इंग्रज अभिनेत्रीने केली होती. या सर्वांनी उभी केलेली ॲना ही ब्रिटनमधून आलेल्या सुसंस्कृत घरातील, सैन्याधिकाऱ्याची विधवा आहे. ही प्रतिमा स्वतः ॲनाने तयार केलेली होती. आपण १८३४ मध्ये वेल्समधील कारनार्व्हन येथे जन्मलो आणि आपले पती लष्करी अधिकारी होते, असे ती सांगे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र बदलले. कोळ्यांचा अभ्यासक म्हणून ख्यातनाम असलेला डब्ल्यू. एस. ब्रिस्टो हा ॲनाचा मुलगा लुई याचे चरित्र लिहीत असताना कागदपत्रे धुंडाळू लागला, आणि १९७६ मध्ये त्याने ॲनाची जन्मकथा बनावट असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे सुझन मॉर्गन (२००८) आणि आल्फ्रेड हॅबेगर (२०१४) यांनी सविस्तर चरित्रे लिहिली. त्यांनुसार ॲन हॅरिएट एमा एडवर्ड्स ही १८३१ च्या नोव्हेंबरमध्ये अहमदनगर येथे जन्मली. वडील कंपनी सरकारच्या फौजेत सार्जंट होते आणि तिच्या जन्मापूर्वीच वारले होते. आजोबा विल्यम ग्लासकॉट हे मुंबई फौजेत अधिकारी होते. आजीचे नाव नोंदींत आढळत नाही, आणि या मौनावरूनच ती भारतीय किंवा अँग्लो-इंडियन असावी असे अनुमान काढले जाते. ॲनाचा विवाह १८४९ च्या नाताळात पुण्यात थॉमस लिऑन ओवेन्स याच्याशी झाला. तो अधिकारी नसून कारकून होता. १८५९ मध्ये पेनांग येथे त्याचा मृत्यू झाला आणि दोन मुलांसह एकटी पडलेली ॲना सिंगापूरला गेली. तेथे तिने आपला भूतकाळ नव्याने लिहिला.

वसाहतींतील तत्कालीन समाजात मिश्रवंशीय स्त्रीला प्रतिष्ठित घरांतील मुलांची शिक्षिका होणे जवळजवळ अशक्य होते. अहमदनगरच्या छावणीत वाढलेल्या सार्जंटच्या पोरक्या मुलीपेक्षा वेल्सच्या बाईला सयामच्या दरबाराचे दार उघडले जाणे सोपे होते. या दृष्टीने पाहता ॲनाचे सारे प्रौढ आयुष्य हीच एक ‘भूमिका’ होती आणि चित्रपटांनी तिचा मुखवटा खरा मानून चालविला. १९४६ व १९५६ च्या निर्मात्यांना सत्य ठाऊक असण्याचा संभव नव्हता. १९९९ पर्यंत मात्र ब्रिस्टोचे संशोधन प्रसिद्ध होऊन दोन दशके उलटली होती.

ॲनाच्या बहिणीचा नातू विल्यम हेन्री प्रॅट हा ‘बोरिस कार्लोफ’ या नावाने हॉलिवूडचा प्रसिद्ध भयपटनट झाला. भारतीय वंशाचा धागा असलेल्या या नटाने १९३२ च्या ‘द मास्क ऑफ फू मांचू’मध्ये रंगभूषेच्या साहाय्याने चिनी खलनायक साकारला होता.

तुलनीय उदाहरणे

वंश लपवून ऐतिहासिक भूमिका मिळविल्याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईत जन्मलेल्या मर्ल ओबेरॉनचे आहे. अँग्लो-इंडियन कुळातील ही अभिनेत्री आपला जन्म टास्मानियात झाल्याचे सांगत असे. ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ (१९३३) मध्ये ती इंग्लंडची राणी ॲन बोलिन झाली, तर ‘देझिरे’ (१९५४) मध्ये फ्रान्सची सम्राज्ञी जोसेफिन. २०२१ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर जोडी टर्नर-स्मिथ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने ॲन बोलिन साकारली, तेव्हा ‘इतिहासाशी विसंगत’ म्हणून मोठा गदारोळ झाला. पण मिश्रवंशीय ॲन बोलिन त्यापूर्वी ८८ वर्षे आधीच पडद्यावर येऊन गेली होती. फरक एवढाच की प्रेक्षकांना ते ठाऊक नव्हते.

रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) मधील बेन किंग्जली यांचे मूळ नाव कृष्णा भानजी असून त्यांचे पितृकुल गुजराती आहे. तेथे वर्ण गडद करण्यासाठी रंगभूषा वापरली गेली, तरी कस्तुरबांच्या भूमिकेतील रोहिणी हट्टंगडी यांच्यासह बहुतेक भारतीय नेत्यांच्या भूमिका भारतीय रंगभूमीवरील कलावंतांनी केल्या.

रंगभूमीवरील नंतरचे प्रयोग

ब्रॉडवेवर १९९६ मध्ये झालेल्या ‘द किंग अँड आय’च्या पुनरुज्जीवनात फिलिपिनो वंशाचा लू डायमंड फिलिप्स राजा झाला. २०१५ मध्ये लिंकन सेंटरच्या निर्मितीत जपानचे केन वातानाबे या भूमिकेत होते, आणि पुढे कोरियन वंशाच्या डॅनियल डे किम यानेही ती केली. राणी थियांगच्या भूमिकेसाठी रूथी ॲन माइल्स हिला टोनी पुरस्कार मिळाला. वातानाबे यांचे इंग्रजी उच्चार अस्पष्ट असल्याची तक्रार काही समीक्षकांनी केली. ॲनाची भूमिका या निर्मितीत केली ओ’हारा या अमेरिकन गायिकेने केली.