परड्यातला इतिहास

देशावर ज्याला परस किंवा परसदार म्हणतात, त्यालाच सावंतवाडी-मालवण भागात परडे म्हणतात. मागच्या दाराच्या पायरीपासून जांभ्या दगडाच्या गडग्यापर्यंत पसरलेली ही जमीन गुंठ्यांत मोजली जाते. पण घराच्या जीवनात तिचे मोल गुंठ्यांत मावत नाही. पुढच्या खळ्यात पाहुणा बसतो, मागच्या परड्यात घर जगते. कुळाचा इतिहास कागदपत्रांत सापडतो, तसा समाजाचा इतिहास परड्यातल्या झाडांत सापडतो. तो वाचण्याचा हा एक लहानसा प्रयत्न.

त्यासाठी आम्ही आंबोलीचे परडे निवडतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या माथ्यावर हे गाव वसले आहे. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावच्या छावणीकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा मुक्काम. इंग्रजी अमलात ही वाट वाहती झाली आणि आंबोलीला थंड हवेचे ठिकाण म्हणून नाव मिळाले. पाऊस मात्र कोणत्याही राजवटीला न जुमानणारा. वर्षाला सातशे सेंटीमीटरच्या आसपास पडणारे हे पाणी मातीतला चुना आणि इतर क्षार धुऊन नेते. मागे उरते ते लोह आणि ॲल्युमिनियम. जांभ्या मातीचा तांबडा रंग हा त्या धुपलेल्या श्रीमंतीचाच अवशेष होय. म्हणून येथील गृहिणी चुलीतली राख कधी फेकून देत नाही. राखेने मातीचा आंबटपणा मोडतो आणि झाडाला पोटॅशही मिळते, हे रसायनशास्त्राने नंतर सांगितले. परड्याला ते आधीच ठाऊक होते. वेलींना उंचवट्यावर आळे करायचे, मुळाशी पाणी साचू द्यायचे नाही, मांडव भक्कम बांधायचा आणि दुपारच्या मोरीच्या पाण्यावर उन्हाळ्यात केळ जगवायची, हेही असेच पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण.

आता परड्यात उतरू. मांडवावर तवशी, पडवळ, दोडकी आणि कारली. ओलसर कोपऱ्यात अळू आणि हळद. गडग्याला टेकून फणस. ही आपली जुनी मंडळी. त्यांच्याच पंगतीला मिरची, लाल भोपळा, रताळे, पेरू, पपई, अननस आणि काजू बसलेले दिसतात. या दुसऱ्या रांगेतले एकही झाड कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी भारतात नव्हते. ही सारी अमेरिका खंडाची लेकरे. पोर्तुगीजांनी १५०० साली ब्राझीलचा किनारा गाठला, १५१० साली गोवा जिंकले आणि या दोन टोकांना त्यांच्या गलबतांनी जोडले. काजू, अननस, पपई, बटाटा, तंबाखू हे आपले रोजचे मराठी शब्द पोर्तुगीज भाषेतूनच आपल्या तोंडी रुळले. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचा. सीताफळ आणि रामफळ ही नावे कितीही पुराणातली वाटली, तरी वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांचे माहेर अमेरिकेतच सांगतात. मिरचीविना मालवणी आमटीची आज कल्पना तरी करवते काय? परका कोण आणि आपला कोण, हा प्रश्न मातीने फार पूर्वी निकालात काढला आहे. जे रुजले, ज्याने घरादाराला घास दिला, ते आपले.

या झाडांचा पहिला मोठा लेखक गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. मुंबई बेटावर त्याला जमीन मिळाली होती आणि तेथे त्याने बाग केली होती. त्या बागेतले एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळे देई, असे तो नोंदवतो. येशूसंघीयांनी १५५६ साली गोव्यात मुद्रणयंत्र आणले; त्या शहरात १५६३ साली ओर्ताचा औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ छापला गेला. नारळ, फणस, जांभूळ, हळद, विडा यांविषयी ऐकीव गोष्टींवर विसंबण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले सांगण्याकडे त्याचा कल होता. काजूचा उल्लेख मात्र त्यात नाही. तो १५७८ साली क्रिस्तोव्हाँव द कोस्ता याच्या ग्रंथात येतो; त्याने ते झाड कोचीनच्या बागांत पाहिले होते.

येथवरचा इतिहास सांगताना सुख वाटते. पुढचा सांगताना मान खाली जाते. पण तो गाळून पुढे जाणे सत्याशी प्रतारणा ठरेल. ओर्ता ज्यू वंशातला होता. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले आणि १५८० साली खुद्द ओर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून अग्नीत टाकण्यात आल्या. ज्याने या भूमीतल्या झाडापाल्याला जगाच्या ग्रंथालयात स्थान मिळवून दिले, त्याला या भूमीत चिरनिद्राही लाभली नाही. हे न्यायासन परड्यापर्यंतही पोहोचले. १७३६ सालच्या त्याच्या फर्मानाने ख्रिस्ती घरांच्या आवारात तुळस ठेवण्यास मनाई केली. असलेली तुळस उपटून टाकावी असा हुकूम निघाला. एका रोपट्याचे एवढे भय! ज्या गलबतांनी मिरची आणि काजू आणला, त्यांनीच हेही आणले. १८१२ साली हे न्यायासन कायमचे बंद झाले. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या बळजबरीबद्दल ख्रिस्तसभेच्या वतीने देवाची क्षमा मागितली. क्षमायाचनेने इतिहास पुसला जात नाही. पण तो उघड्या डोळ्यांनी वाचण्याचे बळ येते.

बळजबरीच्या शेजारी सहकार्याचीही एक कथा आहे. मलबारच्या डच प्रशासकाने, व्हान ऱ्हीडने, सिद्ध केलेला ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य, रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तिघे कोंकणी वैद्य आणि मत्तेउस हा कार्मेलाइट धर्मगुरू असे सारे या कामात होते. तिघा कोंकणी वैद्यांचे १६७५ सालचे प्रशस्तिपत्र नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेले आहे. प्रॉटेस्टंट अधिकारी, कॅथलिक संन्यासी, ब्राह्मण पंडित आणि मल्याळी वैद्य एका पानाफुलाभोवती जमले. झाडाने माणसांना जे शिकवले, ते माणसांनी माणसांना क्वचितच शिकवले असेल.

आंब्याच्या कलमाची कथाही परड्यातलीच. कोयीपासून वाढलेले झाड आईचे गुण राखीलच असे नाही. कलम मात्र तोच गुण पुढे नेते. गोव्यात ही कला आंब्याच्या बाबतीत येशूसंघीयांनी रुजवली अशी परंपरा आहे. ‘हापूस’ हे नाव आफोंसो द आल्बुकेर्क याच्यावरून आले असे सर्रास सांगितले जाते. मात्र सतराव्या शतकात भारतात वावरलेला इटालियन प्रवासी मानुची गोव्यातल्या उत्तम आंब्यांची यादी देतो, तीत ‘निकोलाव आफोंसो’ असे नाव आहे. तेव्हा हा मान सेनापतीचा की एखाद्या साध्या बागाईतदाराचा, हे वाचकांनीच ठरवावे! पुढे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ आणि रत्ना व हापूस यांच्या संकरातून १९९२ साली जवळजवळ बाठा नसलेला ‘सिंधू’ दिला. कोय कलमाची रीत तर कोणत्याही घरी जमण्याजोगी. जून महिन्यात कोयी रुजत घालाव्यात, तांबूस पानांचे दहा-पंधरा दिवसांचे रोप घ्यावे, त्याच्या खोडाला मधोमध चीर देऊन पाचरीसारखी तासलेली काडी बसवावी आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावी.

बाग आणि मठ यांचे नाते ख्रिस्तसभेत जुनेच आहे. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालच्या मठात नवव्या शतकातला एक आराखडा जपलेला आहे. त्यात औषधी वनस्पतींचे सोळा आणि भाजीचे अठरा वाफे नेमके आखलेले दिसतात. त्याच सेंट गाल परगण्यात १८७७ साली जन्मलेले फादर एथेलबर्ट ब्लॅटर मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आले. १९०६ पासूनचा तेथील वनस्पतिसंग्रह आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या मागून आलेले स्पॅनिश येशूसंघीय फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद भूषवले आणि १९६७ साली ‘पद्मश्री’ मिळवली. सह्याद्रीच्या पानापानाची त्यांनी जी सेवा केली, तीही उपासनाच होती.

बागेच्या इतिहासात सावधगिरीचा धडाही आहे. शोभेच्या कुंपणासाठी एकोणिसाव्या शतकात आणलेली घाणेरी आणि त्याच शतकात आलेली रानमोडी यांनी गडगे ओलांडून रान व्यापले. आंबोलीत हे विशेष जपले पाहिजे. कारण येथे परडे संपते तेथे रान सुरू होते. येथे उगम पावणारी हिरण्यकेशी घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला मिळते. म्हणजे येथल्या काही परड्यांचे पाणी थेट बंगालच्या उपसागराची वाट धरते. उगमाजवळच्या देवालयाच्या कुंडात सापडलेल्या माशाच्या नव्या जातीची नोंद २०२० साली झाली आणि २०२१ साली शासनाने ते स्थान जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. परड्यात मारलेले विषारी औषध कोठे जाते, याचा विचार म्हणूनच करावयास हवा.

आज कोकणातली अनेक घरे कुलूपबंद आहेत. मुले मुंबईत किंवा आखातात, म्हातारी माणसे एकटी. त्यात वानरांचा उपद्रव. सुट्टीत येणाऱ्यांना चिखल नको म्हणून परड्यात फरशी बसते. वसईत १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’ची चळवळ उभारली, ती वाड्या आणि विहिरी वाचवण्यासाठी, २०२४ साली ते गेले, तो वारसा आपल्यावर सोपवून. चळवळ प्रत्येकाच्या आवाक्यात नसेल, पण एक आळे तर आहे! परड्याचा निम्मा भाग तरी मातीचाच ठेवावा. एक कडीपत्ता, एक शेवगा, एक रातांबा, मांडवावर एक वेल आणि फुलांसाठी मोगऱ्याची रांग एवढे पुरे. ८ सप्टेंबरच्या मोंती सायबिणीच्या सणाला मुलांनी विकतची नव्हे, स्वतः वाढवलेली फुले न्यावीत. झाडाखाली एक बाक असावा. संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांनी तेथे बसून कोणते झाड कोणी लावले ते नातवंडांना सांगावे. आणि ज्या घराला वाटेल, त्याने तुळसही अवश्य लावावी. ज्या मातीने सर्वांना सामावून घेतले, तिच्यात एका रोपासाठी जागा नाही असे आता कोणी म्हणू नये.