राबाची राख आणि युरियाची गोणी

रायगड जिल्ह्यातले बोर्ली पंचतन हे कोकण किनाऱ्यावरचे, भातखाचरांच्या मुलखातले गाव. या मुलखात पावसाळ्यापूर्वी भाताची दाढ भाजण्याची जुनी रीत आहे. रोपे करायच्या तुकड्यावर शेण, ऐन-किंजळाचे वाळलेले कवळ, पातेरा व गवत पसरायचे, वर थोडी माती भुरभुरायची आणि पेटवायचे. हाच राब. रसायनशास्त्र शिकलेल्या आम्हांला प्रश्न पडतो : जळताना शेणातला बराचसा नायट्रोजन धुरावाटे निघून जातो. मग शेण तसेच मातीत का घालू नये?

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नावरून मोठा वाद झाला. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत कवळ तोडण्यावर बंधने आली. (बोर्लीचा भाग तेव्हा जंजिरा संस्थानात होता.) वनखात्याला राब म्हणजे झाडांची नासाडी वाटे, राबाविना रोप जोमदार येत नाही, असे शेतकरी सांगत. गाऱ्हाणी वाढल्यावर १८८५ मध्ये मुंबई सरकारने आयोग नेमला. १८८९ मध्ये भारतात आलेले कृषिरसायनज्ञ व्होल्कर यांनीही राबाचा विचार केला. भारतीय शेतकऱ्याला सरसकट अडाणी समजणे चूक आहे, असे त्यांच्या १८९३ च्या अहवालाने बजावले.

राबाने नेमके काय होते? आचेने तणांचे बी व किडी मरतात. राखेतून पालाश, चुना व थोडे स्फुरद मिळते. शिवाय १९०९ मध्ये इंग्लंडात रॉथमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी दाखवले, की तापवलेल्या मातीत अमोनिया अधिक तयार होतो. म्हणजे धुराबरोबर काही नायट्रोजन गेला, तरी मातीतला अडकलेला काही नायट्रोजन रोपाला मिळतो. मात्र त्यासाठी झाडे छाटावी लागतात आणि शेणही जळते, हेही खरे.

पुढे गोणीतले खत आले. १९८० च्या दशकात याच जिल्ह्यात थळ येथे युरियाचा कारखाना सुरू झाला. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, अमोनियम सल्फेटमध्ये सुमारे २१. म्हणून गोणीची नव्हे, किलोभर नायट्रोजनची किंमत ताडून पाहावी. पण हिशेब तिथे संपत नाही. युरियात स्फुरद नाही, पालाशही नाही. कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीत लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. अमोनियम सल्फेटमधून गंधक मिळते, पण ते सतत वापरल्यास आम्लता वाढते. खाचरात साचलेल्या पाण्यामुळे नायट्रेट टिकत नाही. वर फेकलेल्या युरियाचा बराच भाग पाण्यात आणि हवेत जातो. म्हणून चार चुडांच्या मध्ये खोलवर खोचायच्या युरिया-डीएपी गोळ्या कोकणात वापरात आल्या.

पीक भात असो वा मका, आधी माती तपासावी, काय कमी आहे ते पाहावे आणि मगच खत निवडावे. नसलेल्या गरजेवर घातलेले स्वस्त खतही महागच पडते.

वर्गात हे करून पाहता येईल. खताच्या रिकाम्या गोण्या मागवा, त्यांवरचे टक्के वाचा आणि एक किलो नायट्रोजन कितीला पडतो ते मुलांना काढू द्या. मग घरच्या वडीलधाऱ्यांना विचारायला सांगा : राब केव्हा सोडला, आणि का?