उन्हाळा उघडला कोणी? आंतीबचे परदेशी रहिवासी

भूमध्य समुद्रावरचं एखादं गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उन्हाळा उभा राहतो. वाळू, रंगीत छत्र्या, ऊन खात पडलेली माणसं. हे चित्र फार जुनं असावं असं आपल्याला वाटतं. पण मंडळी, ते जेमतेम शंभर वर्षांचं आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस, आंतीब, कान या पट्ट्यात १९२० पर्यंत उन्हाळा म्हणजे बंदचा काळ होता. वसंत सरला की मोठ्या हॉटेलांना कुलपं लागत. हा उन्हाळा उघडला कोणी आणि कोणाच्या जिवावर, एवढंच आज आपण पाहणार आहोत.

आधी थोडं मागे जाऊ. या किनाऱ्यावर परदेशी माणूस यायचा तो हवापालटासाठी, आणि तोही थंडीत. तोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश कादंबरीकार १७६३ मध्ये छातीचं दुखणं घेऊन नीसला आला. मे महिन्यात तो समुद्रात अंघोळ करू लागला, तेव्हा गावकऱ्यांना नवल वाटलं. पुढे इंग्रजांची तिथे वसाहतच झाली. १८२० च्या सुमारास थंडीने पीक गेलं, हातांना काम नव्हतं. तेव्हा लुईस वे या इंग्रज पाद्र्याने वर्गणी जमवून समुद्राकाठी एक वाट बांधून घेतली. आजचा 'प्रोमनाद देझांग्ले', म्हणजे इंग्रजांचा फेरफटका, तो हाच. त्याच दशकात सर जॉन माल्कम महाबळेश्वरला इंग्रजांसाठी आरोग्यधाम उभारत होते, हे आपल्याला ठाऊक आहे. आजारी इंग्रजाला हवा हवी, तर त्यासाठी गाव वसवा, अशी ही रीत. १८६४ मध्ये नीसला रेल्वे पोचली आणि हिवाळी पाहुण्यांची रीघ लागली. १८९५ ते १८९९ या काळात व्हिक्टोरिया राणी दर वसंतात नीसला मुक्काम करी. तिच्या लवाजम्यात आग्र्याचा अब्दुल करीम हा तिचा मुन्शीही असे.

पण उन्हाळा? ऊन बाधतं, डास होतात, रंग काळवंडतो. रंग गोरा राहणं ही तेव्हा प्रतिष्ठेची खूण होती. ऊन शेतमजुराने खायचं, साहेबाने नाही.

आता १९२३ कडे येऊ. जेराल्ड आणि सारा मर्फी हे पैसेवाले अमेरिकन जोडपं. आदल्या उन्हाळ्यात संगीतकार कोल पोर्टरने आंतीबला बंगला भाड्याने घेतला होता. तिथे राहून गेलेल्या मर्फींना ती जागा आवडली. त्यांनी 'ओतेल द्यु काप' या हॉटेलच्या मालकाला गळ घातली, की या वर्षी उन्हाळ्यात थोडा भाग उघडा ठेवा. मालकाने मोजकी माणसं ठेवली आणि हॉटेल चालू राहिलं. मर्फींचा दिनक्रम साधाच होता. ला गारूप नावाच्या छोट्या पुळणीवर समुद्री गवताचा जाड थर साचलेला असे, तो जेराल्ड स्वतः दाताळ्याने ओढून काढी. मग पोहणं, अकराच्या सुमारास शेरीचा एखादा घोट, पोरांचे खेळ. गावातला टेलिफोन दुपारी बंद, संध्याकाळीही लवकर बंद. पिकासोसुद्धा त्याच उन्हाळ्यात कुटुंबासह तिथे होता. पुढे मर्फींनी तिथेच घर घेतलं आणि त्याला नाव दिलं 'व्हिला अमेरिका'.

हे सगळं परवडत कसं होतं? इथे खरी मेख आहे. पहिल्या महायुद्धाआधी एका डॉलरला सुमारे ५ फ्रँक मिळत. १९२४ मध्ये १९ च्या आसपास, आणि जुलै १९२६ मध्ये ४५ च्याही पुढे. लेखक स्कॉट फिट्झजेराल्ड १९२४ मध्ये सुमारे ७ हजार डॉलर घेऊन याच किनाऱ्यावर स्वस्तात राहायला आला, आणि उन्हाळा संपेपर्यंत पैसेही संपले. त्यावर त्याने गमतीदार लेख लिहिला. आपणही हसतो. पण ज्याच्या खिशात फ्रँकच होते त्याला हसू येण्यासारखं काही नव्हतं. त्याची कमाई फ्रँकमध्ये आणि बाजारातले भाव चढत चाललेले.

शिवाय त्याच गावात दुसरेही परदेशी होते. सीमेपलीकडून, पीडमाँट आणि लिगुरियातून आलेले इटालियन. गवंडी, माळी, धुणीभांडी करणाऱ्या बायका, आंतीबच्या फुलशेतीत राबणारे मजूर. रशियातल्या क्रांतीनंतर पळून आलेले रशियनही होते, त्यातले काही टॅक्सी चालवून पोट भरत. हेही परदेशीच ना? पण त्यांच्या उन्हाळ्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही. आपल्याला हे ओळखीचं वाटेल. दुबईतला आपला इंजिनियर स्वतःला 'एक्सपॅट' म्हणवतो, आणि त्याची इमारत बांधणारा मात्र 'लेबर'. दोघांकडेही परक्या देशाचाच व्हिसा. फरक पासपोर्टाचा नाही, पगाराचा आहे.

१९२९ साल उजाडलं. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि अमेरिकनांची गर्दी ओसरू लागली. त्याच सुमारास मर्फींच्या धाकट्या मुलाला क्षय झाला. त्याला घेऊन ते स्वित्झर्लंडच्या डोंगरात गेले. ज्या दुखण्याने या किनाऱ्यावर पहिले परदेशी आणले, त्याच दुखण्याने उन्हाळा उघडणाऱ्यांना तिथून नेलं.

उन्हाळा मात्र मागे राहिला. १९३० च्या दशकात हॉटेलं बारा महिने चालू लागली. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये लोकआघाडीचं सरकार आलं आणि कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. रेल्वेने सवलतीची तिकिटं दिली. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता अशी कुटुंबं किनाऱ्यावर उतरली. तेव्हा वरच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, की आता इथे मजा राहिली नाही.

म्हणून इतिहास वाचताना आपण एक करावं. 'अमक्याने हे गाव शोधून काढलं' असं वाक्य आलं की थांबावं आणि विचारावं, की त्या दिवशी चादरी कोणी धुतल्या? मर्फींनी पुळण साफ केली हे खरं, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण गावाचा उन्हाळा ना एकट्या मर्फींचा, ना एकट्या हॉटेलवाल्यांचा. तो डॉलरचा भाव, इटालियन हात आणि तेरा वर्षांनी का होईना रजेचा कागद, या तिघांनी मिळून घडवला, असं आम्हाला वाटतं.