नऊ महिन्यांचा हिशोब



गावी जायची तिकिटं काढताना शराफियातल्या आपल्या मराठी घरांत हमखास निघणारा प्रश्न: गोवराची लस नवव्या महिन्यातच का? सातव्यात टोचून निघालं तर? मी कॉम्प्युटरवाला, डॉक्टर नाही. पण या ९ आकड्याचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

गोवराचा विषाणू १९५४ साली बोस्टनमध्ये एंडर्स आणि पीबल्स यांनी वेगळा केला. अमेरिकेत लस आली १९६३ साली. ही लस म्हणजे जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू. तो बाळाच्या अंगात थोडा वाढला, तरच शरीर त्याला लक्षात ठेवतं. गोम इथेच आहे. आईकडून नाळेवाटे आलेल्या अँटीबॉडीज पहिले काही महिने बाळाला सांभाळतात, आणि त्याच लसीचाही विषाणू वाढू देत नाहीत. घाई केली तर लस वाया जाते, उशीर केला तर गोवर आधी गाठतो. नवव्या महिन्यात साधारण ८५ टक्के मुलांना लस लागू पडते, बाराव्यात ९५ टक्के. पण गोवर फिरत असताना तीन महिने थांबणं परवडत नाही. म्हणून भारताने १९८५ साली ९ महिनेच धरले. उरलेल्या मुलांसाठी २०१० पासून दुसरा डोस आला.

लवकर द्यायचा प्रयोगही झाला. सहाव्या महिन्यापासून, एका डोसात कितीतरी जास्त विषाणू असलेली लस. पण सेनेगल आणि गिनी-बिसाऊमध्ये ती घेतलेल्या मुलींचे मृत्यू पुढे जास्त दिसले आणि १९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती शिफारस मागे घेतली. आजची लस नेहमीच्या मात्रेची असते, तिचा या प्रकाराशी संबंध नाही.

मग आली २०२२ ची गोवंडीची साथ. नऊ महिन्यांखालची बाळंही आजारी पडली. तेव्हा केंद्राने सांगितलं, की जिथे १० टक्क्यांहून जास्त रुग्ण या वयाचे असतील, तिथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना एक डोस द्या. मात्र तो जादाचा. पुढचे दोन्ही डोस ठरल्या वेळी घ्यायचेच.

तेव्हा मंडळी, गावाकडे साथ असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा. सहाव्या-सातव्या महिन्यात टोचलं, तरी नवव्या महिन्यातली लस चुकवू नका. आणि लसीचं कार्ड हँडबॅगेत ठेवा.

कळावे,
एक शराफियाकर, जेद्दा