डोंगरी ओढ्यांचे पात्र (रायगड जिल्हा)

तीव्र उतारावरून वाहणाऱ्या प्रवाहाने पाणी आणि दगडगोटे यांच्या माऱ्याने कोरलेल्या, दोन काठांमधील मार्गास डोंगरी ओढ्याचे पात्र असे म्हणतात. पावसाळी प्रवाहाचे मान, जमिनीचा उतार, तळाचा खडक आणि वरून वाहून येणारा दगडमातीचा भार या चार घटकांवर पात्राचा आकार व रुंदी प्रामुख्याने अवलंबून असते. महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यात सह्याद्रीचा कडा आणि अरबी समुद्र यांमधील अंतर कमी असल्यामुळे कड्यावरील अरुंद घळीपासून रुंद खाडीपर्यंत पात्राची सर्व रूपे थोडक्या अंतरात पाहावयास मिळतात.

भौगोलिक पार्श्वभूमी

पाताळगंगा, अंबा, कुंडलिका आणि सावित्री या जिल्ह्यातील प्रमुख नद्या पश्चिमेकडे वाहतात. त्यांना मिळणाऱ्या लहान प्रवाहांना कोकणात ओहोळ, वहाळ, पऱ्या अशी नावे आहेत. येथील बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. किनाऱ्यावर वर्षाला साधारणपणे २,००० ते ३,००० मिलिमीटर पाऊस होतो, तर सावित्रीच्या उगमाजवळ महाबळेश्वर येथे तो ५,००० मिलिमीटरहून अधिक असतो. त्यामुळे उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओढा आषाढात काही तासांत दुथडी भरून वाहू लागतो.

येथील मूळ खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांपासून बनलेला बेसाल्ट आहे. या थरांमुळे डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार आला आहे. ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातील ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. कठीण थराच्या कडेवर धबधबा तयार होतो आणि त्याच्या पायथ्याशी पाण्याच्या आघाताने कुंड किंवा डोह कोरला जातो. भिरा गावाजवळील देवकुंड हे त्याचे परिचित उदाहरण होय.

पात्राचे प्रकार

डेव्हिड माँटगोमेरी आणि जॉन बफिंग्टन या अमेरिकी भूरूपशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये डोंगरी प्रवाहांच्या पात्रांचे वर्गीकरण मांडले. सर्वांत तीव्र उतारावर मोठ्या धोंडींमधून पाणी फेसाळत उतरते. उतार साधारणपणे शेकडा ३ ते ६ असेल, तर धोंडी आडव्या रांगेत अडकून पायऱ्या बनतात आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये डोह राहतो. पाण्याची बरीचशी शक्ती या पायऱ्यांवरून पडताना खर्ची पडते, म्हणून काठांची धूप मर्यादित राहते. त्याहून कमी उतारावर सपाट, गोट्यांचा तळ आढळतो. उतार शेकडा दीडपेक्षा कमी झाला की खोल डोह आणि उथळ खळाळ यांची आलटूनपालटून रचना दिसते. तळाचा खडक उघडा असेल, तर भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांमुळे रांजणखळगे तयार होतात.

रुंदी ठरविणारे घटक

नदीच्या रुंदीचा प्रवाहाच्या मानाशी असलेला संबंध लुना लिओपोल्ड आणि थॉमस मॅडॉक यांनी १९५३ मध्ये मांडला. त्यानुसार उगमाकडून मुखाकडे जाताना रुंदी साधारणपणे प्रवाहाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजेच प्रवाह चौपट झाला तर रुंदी सुमारे दुप्पट होते. हा नियम गाळाच्या जमिनीतून वाहणाऱ्या नद्यांना बराचसा लागू पडतो. डोंगरी ओढ्यात मात्र त्याला अपवाद आढळतात. कठीण खडकातून वाट काढताना तेवढ्याच पाण्याचे पात्र अरुंद व खोल होते, तर दरड कोसळून दगडमातीचा मोठा भार आला की ते अचानक रुंद व उथळ होते.

मोठ्या धोंडी नेहमीच्या प्रवाहाने हलत नाहीत, त्या क्वचित येणाऱ्या महापुरातच सरकतात. म्हणून उन्हाळ्यात पाण्याची धार किती रुंद आहे यावरून ओढ्याचे खरे पात्र ओळखता येत नाही. गोट्यांचा पट्टा, पुराने अडकलेला पालापाचोळा आणि काठावर जुनी झाडे जेथे सुरू होतात ती रेषा, या खुणांवरून पात्राची मर्यादा ठरविली जाते.

सावित्री नदी आणि महाड

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाड या गावांवरून वाहत बाणकोटच्या खाडीला मिळते. डोंगरात अरुंद व खडकाळ असलेले तिचे पात्र पोलादपूरच्या पुढे रुंदावते. उतार एकदम कमी झाल्याने पाण्याची वाहकशक्ती घटते आणि दगड, वाळू व गाळ तेथे साचून बेटे तयार होतात. महाडजवळ गांधारी नदी सावित्रीला मिळते. समुद्राच्या भरतीच्या वेळी पुराचे पाणी ओसरण्यास विलंब होतो. डोंगरातील अतिवृष्टी, साचलेला गाळ आणि भरती हे तिन्ही एकत्र आल्यास शहरात पाणी शिरते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई–गोवा महामार्गावरील सावित्रीचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. राज्य परिवहनच्या दोन बस व अन्य वाहने प्रवाहात गेली आणि अनेकांचा मृत्यू झाला. २०१७ मध्ये तेथे नवा पूल खुला झाला. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर महापुरात बुडाले आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. त्यापूर्वी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते व रोहन येथे दरडी कोसळल्या होत्या. २०२१ च्या पुरानंतर सावित्रीतील गाळ व बेटे काढण्याचे काम हाती घेण्यात आले.

मानवी हस्तक्षेप

ओढ्यावर लहान मोरी बांधणे, काठावर भराव टाकणे किंवा कोरड्या पात्रात बांधकाम करणे यांमुळे पाण्याची वाट अरुंद होते. वाट अरुंद झाली तरी पुराचे पाणी कमी होत नाही. ते वरच्या बाजूस तुंबते, अरुंद भागात वेगाने तळ खरवडते आणि पुलाच्या खांबांचा पाया उघडा पाडते. मोरीच्या तोंडाशी ओंडके व धोंडी अडकल्यास प्रवाह रस्त्यावरून किंवा वस्तीतून नवी वाट काढतो. मोरीची रुंदी उन्हाळी धारेवरून न ठरविता पुराच्या खुणांवरून ठरविणे म्हणूनच आवश्यक असते.

गाळ काढल्याने पात्राची क्षमता वाढते, परंतु वरच्या डोंगरउतारांची धूप चालू राहिल्यास पात्र पुन्हा भरते. प्रमाणाबाहेर वाळू उपसल्यास तळ खचून काठ ढासळतात.

कुंडलिका नदीचे उदाहरण निराळे आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील जलविद्युत केंद्रातून तिच्या पात्रात सोडले जाते. १९२७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रामुळे कोरड्या ऋतूतही नदीला पाणी असते आणि कोलाड येथे नौकाविहाराचा साहसी खेळ चालतो.

हेही पाहा

सावित्री नदी
कुंडलिका नदी
सह्याद्री
रांजणखळगे